पुसलेलं नाव

४ जून
आले बाई एकदाची! ताईनं खोली आधीच लावून ठेवली होती. पलंग भिंतीला टेकवलेला, खिडकीला पिवळा पडदा, टेबलावर ही कोरी वही. प्रयोगशाळेची प्रमुख असून मला घ्यायला स्वतः स्टेशनवर आली. मला पाचवा महिना लागलाय हे इथं फक्त तिलाच ठाऊक. म्हणाली, ऑफिसात बोलू नकोस, काम काढून घेतील. लहानपणापासून माझी सगळी गुपितं तिच्याच पोटात राहिली आहेत.

६ जून
काम समजलं. इथला क्वांटम सेन्सर भिंतीपलीकडची धडधड टिपतो. किती हृदयं आहेत एवढंच सांगायचं, कुणाची ते नाही. नोंदीतलं नाव आणि खोली पुसणारा प्रोग्राम मी लिहायचा. ताईनं पहिलाच धडा दिला, की या सूक्ष्म कणांच्या जगात चोरून ऐकता येत नाही, ज्याचं ऐकायचं त्याला ऐकणाऱ्याचा धक्का लागतोच. नव्या सेन्सरचा लागत नाही, हे तिला सिद्ध करायचंय.

१३ जून
प्रोग्राम चालू केला. नोंदींत एक गोड जोडी आहे. एक मोठं हृदय आणि एक इवलंसं, दुप्पट घाईत. कुणीतरी माझ्यासारखीच! पण नाव पुसून बसलेय, आता विचारू कुणाला?

१९ जून
मोजणी सुरू झाली की त्या इवल्या हृदयाचा ठोका चुकतो. आधी तासाला एक, आता नऊ. ताईला सांगितलं, तर म्हणाली, राईचा पर्वत करू नकोस. त्या बिचारीला कुणी कळवलं तरी असेल का?

२० जून
ती नोंद रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी थांबते. मी खोलीतून निघते तेव्हाच.

दुपारी खोलीत येऊन पलंगावर पडले. घड्याळ लावून, सात मिनिटं. परत जाऊन नोंद पाहिली. सात मिनिटं. दोन हृदयं.

२१ जून
पलंग ओढला. भिंतीत झाकण, आत सेन्सर.

ताई किल्ली कुठं ठेवते हे मला शोधावं लागत नाही. तिच्या कपाटात मोजणीचं संमतीपत्र होतं. बाळाचं. पालक म्हणून सही ताईची. तारीख मी तिला फोनवर आनंदाची बातमी दिली त्याच दिवसाची. नोकरीचं पत्र दुसऱ्या दिवशीचं. म्हणजे तिनं मला बोलावलंच नव्हतं. माझ्या पोटाला बोलावलं होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करू तरी कशाच्या जोरावर? नोंदीतलं माझं नाव मीच पुसलंय.

२२ जून
बॅग भरली. दार उघडत नाही. बाहेरून कुणी—

ताईच आहे. शांतपणे म्हणते, रडू नकोस ग, तुझी धडधड वाढली की त्याची ऐकू येत नाही. एवढी एकच मोजणी.

सेन्सरच्या तारा उपटल्या. तरी भिंत गुणगुणतेय. दुसरा असणार. की चारही भिंतींत—

बाळ सकाळपासून हललं नाही. कूस बदलून पाहिली. गार पाणी प्यायले. हात ठेवून बसलेय. काहीच—

शेवटी तिलाच विचारलं. दाराला तोंड लावून. ताई, तुला येतंय का ग त्याचं ऐकू? खरं सांग.

 दारापलीकडे ती नोंदींचे कागद उलटतेय. परत पहिल्यापासून—