अकरा वेळा घेतलेलं पुस्तक

४ जून

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत बसून वाच आणि लगेच फाडून टाक. फोन करत नाही. मागच्या वेळी फोनवरूनच त्यानं माझा माग काढला होता, ते तू विसरली नसशीलच. त्याला 'नवरा' म्हणायला अजूनही माझी जीभ वळत नाही.

मुंगी मजेत आहे. पुढचा दात पडलाय, त्यामुळे माझी लेक तुला आता 'मावफी' म्हणते. लाँड्रीच्या मालकीणबाई तिला दुपारी खाली काउंटरवर बसवतात आणि पावत्या फाडायला देतात. मी मागे इस्त्रीला असते. कामाचा कंटाळा नाही गं, उलट कपड्यांच्या वाफेत बरं वाटतं, कोणाला तोंड दिसत नाही.

त्याच्या घरातल्या दिवसांवरचं माझं पुस्तक चांगलं चाललं होतं. मोठ्या ऑनलाइन दुकानात का ठेवत नाहीस, असं तू दर पत्रात विचारतेस. अगं, तिथलं माझं खातं त्यानंच उघडून दिलेलं, नंबर त्याचा, पासवर्ड त्याचा. नवं उघडायचं तर खरं नाव नि कागदपत्रं द्यावी लागतात. म्हणून टोपणनावानं आपलंच छोटं पान केलं आणि तिथून ईबुक विकायला लागले. माझ्यासारख्याच लिहिणाऱ्या आणखी चौघी आहेत. मी माझ्या वाचकांना ईमेलनं त्यांची पुस्तकं सुचवते, त्या त्यांच्या वाचकांना माझं. आणि तू प्रत्येक नव्या चष्म्याच्या डबीत क्यूआर कोडचं कार्ड घालतेस, त्यावरून तर माझे निम्मे वाचक आलेत. चष्मेवाल्यांनी लेखिका जगवली म्हणायची!

आता भीतीचं सांगते. मोठ्या दुकानात पुस्तक कोणी घेतलं ते लेखकाला कळत नाही. माझ्या पानावर कळतं, प्रत्येक खरेदीबरोबर ईमेलचा पत्ता येतो. आधी मला याचं केवढं कौतुक होतं. गेल्या पंधरवड्यात एकाच पत्त्यावरून माझं तेच पुस्तक अकरा वेळा घेतलं गेलंय. रोज एकदा, दुपारी, रविवार सोडून. ईबुक कोण अकरा वेळा घेतं? आणि त्या पत्त्यात त्याचं नाव आहे, ताई. नाव, आडनाव, जन्मसाल, सगळं.

काल त्याच पत्त्यावरून दोन ओळी आल्या. 'रुसूबाई अजून तशीच आहे. पुढचं पुस्तक कधी?' त्या घराच्या मागच्या दाराची कडी धड लागायची नाही आणि धड निघायचीही नाही, म्हणून घरात तिला रुसूबाई म्हणायचे. पुस्तकात कडी आहे, पण हे नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. वाचलं आणि हातातली इस्त्री तशीच राहिली, कोणाचा तरी शर्ट जळला. मालकीणबाईंनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा पुढे सरकवला.

काय करू ते कळव.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
बारकी

८ जून

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं, फाडलं. तुझी याआधीची पत्रंही फाडली. दोन वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती, पाकिटांवर तुझ्या लाँड्रीचा पत्ता तसाच. मी स्वतःला शहाणी समजते!

पण तुझंही कौतुक करावं तेवढं थोडं. तुझी वाचकांना जाणारी ती स्वागताची ईमेल मी काल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. अगं बये, सगळ्यात खाली बारीक अक्षरात माझ्या दुकानाचा पत्ता आहे! ईमेल पाठवणारी कंपनी पत्ता मागते, कबूल. स्वतःचा द्यायचा नव्हता, तेही कबूल. पण लहानपणापासून प्रत्येक फॉर्मवर माझा पत्ता लिहायची तुझी खोड इथेही नडली. हे दुकान त्याला पाठ आहे. त्याचा चष्मा मीच करून दिला होता.

आता जे सांगते ते वाचून घाबरू नकोस, असं लिहिणार होते, पण ते काही खरं नाही, मीच घाबरलेय. परवा तो आला होता. सकाळी अकराला, दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाला. मी आवळून दिला. तो बारका स्क्रू माझ्या हातून दोनदा खाली पडला, तर हा स्वतः वाकून शोधून देतो. फार गोड बोलत होता. बहीण कशी आहे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्यापासून गेली ती माझ्यापासूनही गेली. मग त्यानं फोन पुढे केला आणि ती शेवटची ओळ दाखवून विचारलं की पुस्तकाच्या जाहिरातीत तुमच्या दुकानाचा पत्ता कसा काय. कोणीही कोणाचाही पत्ता घालतं हल्ली, असं काहीतरी बोलले. तो हसला आणि काउंटरवरच्या तुझ्या कार्डांपैकी एक उचलून खिशात घालून गेला.

तेव्हापासून दाराची घंटी वाजली की मी आधी काचेतून बघते. आता दुकानाच्या पत्त्यावर लिहू नकोस. समोरच्या किल्लीवाल्याच्या बायकोच्या नावानं पाठव, ती विश्वासाची आहे. आणि ते पान बंद करायचं का, याचा नीट विचार कर. हातपाय गाळू नकोस, मुंगीसमोर तर नाहीच.

मुंगीला पापी. जपून राहा, पत्र टाकत राहा.
तुझी,
ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बॅग भरून ठेवलीय. मुंगी विचारते, सुट्टीला जायचंय का. हो म्हटलं. तिनं लगेच त्यात तिची एक चप्पल आणि साबणाचं रिकामं खोकं भरलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी त्या ईमेलमधला पत्ता काढला. काढून काय उपयोग म्हणा, बैल गेला नि झोपा केला. त्या चौघींना कळवलं, त्यांनी तासाभरात माझं पुस्तक आपापल्या यादीतून खाली उतरवलं. एकीनं लिहिलं की तुझे वाचक आम्ही सांभाळतो, तू फक्त जिवंत राहा. मी तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही गं.

पान मात्र अजून बंद केलेलं नाही. दोनदा बटणापर्यंत बोट गेलं. राग येतो, ताई. त्यानं मनगट मोडलं, कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवली, दोन-दोन दिवस खोलीत कोंडलं, ते सगळं मी सोसलं नि निघून आले. या पुस्तकात मी ते कोणाला न घाबरता लिहिलं होतं. आता त्यालाही तो कुलूप घालणार. पण पुस्तकापायी मुंगी त्याच्या हाती लागली तर? कोपऱ्यावर कोणीही चष्मेवाला माणूस दिसला की मी तिला शटरच्या मागे ओढते. काल तो पोस्टमन निघाला.

तो पुन्हा आला तर कळव, नाही आला तरी कळव.

तुझ्या आधारावर उभी असलेली,
बारकी

१७ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच. तुझा वाचक सापडला. तो नव्हे, त्याची आई.

तुझ्या सासूबाई काल डोळे तपासायला आल्या. तपासणीच्या खोलीत मी दार लावलं तशा म्हणाल्या की आधी पाच मिनिटं बोलू दे, मग अक्षरं दाखव. दोन महिन्यांपूर्वी त्या वाचायचा चष्मा घेऊन गेल्या, तेव्हा डबीत तुझं कार्ड मी माझ्या हातानं घातलं होतं. सवयीनं! छापील पुस्तक त्यांना नव्या चष्म्यानंही दिसत नाही, फोनवर अक्षर मोठं करून दिसतं. पहिल्याच पानावर ओळखलं म्हणाल्या, हे आमच्या घरातलं आहे. फोन मुलानंच घेऊन दिलेला, ईमेलही त्यानंच आपल्या नावानं केलेली. तो घरी आला की रोज त्यांचा फोन हातात घेतो. म्हणून दुपारी वाचायचं, तो यायच्या आत पुसून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विकत घ्यायचं. रविवारी तो घरी असतो. पुसलेलं फुकट परत मिळतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कडीचं नाव लिहिलं ते तुला ओळख पटावी म्हणून, आणि पाठवल्यावर लगेच पुसलं. तू घाबरशील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सारख्या कपाळावर हात मारून घेत होत्या.

पण खरेदीच्या पावत्या त्याच ईमेलवर जमत होत्या, त्या पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यानं पाहिल्या, माझ्या दुकानाचा पत्ता पाहिला, इथे येऊन गेला आणि घरी जाऊन आईला विचारलं की हे पुस्तक कोणाचं. बारके, त्या बाईनं काय सांगितलं असेल? म्हणाल्या, माझं. मी लिहिलं. तुझ्याबद्दल लिहिलं. चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला, कार्डंही तिथेच ठेवली, कारण मला तिथे डोळ्यांसाठी जावंच लागतं. अकरा वेळा घेतलं कारण स्वतःचं पुस्तक खपतंय असं दिसावं. तो आधी हसला. मग त्यानं शेवट काय आहे ते विचारलं. त्यांची तर शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिलेली. त्यांनी ठोकून दिलं की शेवटी ती बाई मरते. त्याला ते पटलं, त्याला तोच शेवट हवा होता. तुझी घोडचूक त्यांनी अशी पदरात घेतली.

आता त्यानं फोन काढून घेतलाय. घरात त्यांच्याशी बोलत नाही. तपासताना त्यांची बाही वर सरकली तर दंडावर बोटांचे पाच वळ होते. मी म्हटलं, आई, परत जाऊ नका, माझ्याकडे राहा. तर म्हणाल्या, मी घरात आहे तोवर लिहिणारी मी आहे. मी निघाले की तो पुन्हा खऱ्या लिहिणारीला शोधायला लागेल. आणि पदर सारखा करून निघून गेल्या. मी अडवू शकले नाही.

चष्मा न्यायला येत्या गुरुवारी सकाळी येतील, तेव्हा तो बरोबर नसेल, कामावर जातो. तुला अडचण नको म्हणून यातलं काही तुला सांगायचं नाही, असं त्या मला बजावून गेल्यात. पण तुझ्यापासून लपवणं मला जमेना.

काळजी घे. पत्राची वाट पाहते.
तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य आहे, की त्या घरात चार भिंती होत्या आणि पाचवी सासू. ते मी इस्त्री करता करता सुचलं म्हणून मोठ्या फुशारकीनं लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं असणार. ते वाचूनही दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा विकत घेतलं. परवापासून मला जेवण जात नाही.

लहानपणापासून प्रत्येक अडचणीत मी तुला पुढे केलं, ताई. आता त्यांनाही पुढे करून इथे वाफेत लपून बसू? कितीदा तरी मनाशी म्हटलं की त्यांनी स्वतःच ठरवलंय, मुंगीचा विचार कर, गप्प बस. नाही बसवत.

गुरुवारी सकाळी मी त्यांना न्यायला येतेय. मुंगीला मालकीणबाई ठेवून घेतायत, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शर्टाचं विचारलं सुद्धा नाही, त्यांच्या भाचीची गाडी देतायत, ती भाची स्वतः चालवेल. अकराला आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला असू. माझ्या खोलीत पलंग एकच आहे, पण मुंगी माझ्या कुशीत मावते. त्या चौघींपैकी एक वकिलीण निघाली, पुढचं ती बघते म्हणालीय.

मला भयंकर भीती वाटतेय. दोन वर्षांत त्या रस्त्यावर पाय ठेवलेला नाही. अक्षर असं वाकडं आलंय ते त्यामुळेच. कोणी ओळखलं तर, तो कामावर गेलाच नाही तर, हे सगळं मला सुचतं आणि मी उठून पुन्हा बॅग तपासते.

त्यांना आधीपासून काही सांगू नकोस, नाहीतर यायच्याच नाहीत. आणि मला समोर पाहूनही नाहीच म्हणतील, मला ठाऊक आहे. माझ्यासाठी म्हणून त्या परत घराकडे वळतील. तेव्हा त्यांना एवढंच सांग, की आई, तुम्ही गाडीत बसला नाहीत तर बारकीही जाणार नाही, दुकानातल्या या बाकावर तुमच्या शेजारी बसणार आहे, तुमचा मुलगा तुम्हाला शोधत येईपर्यंत.

गुरुवारी भेटू. तोवर लोभ धरून ठेव.
तुझी,
बारकी