बाबाची चाल

९ जाने., वडसा
आमच्या नाटकाच्या तालमीला शंकरभाऊ ढोलकी घेऊन बसलाच नाही. मधुकरच्या कंपनीच्या नवीन नाटकात लग्नाच्या प्रवेशाला बाबाची चाल वाजली म्हणे. जशीच्या तशी. भाऊ म्हणत होता, "आपल्या बापाची चाल वाजवून राह्यला थो, अन् सांगते माही हाय!" बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मधुकर त्यांच्याकडेच ऑर्गन शिकला, आमच्याच ओसरीवर, माझ्याशेजारी बसून.

११ जाने.
मधुकरला फोन केला. म्हटलं, ती चाल तेवढी सोड. हसला. "चालीवर कोनाचं नाव लिवलं हाय का, वसंता?" फोनचा आवाज मोठा होता. भाऊनं ऐकलं.

१२ जाने.
 लिहून ठेवतो.
दुपारी स्टेशनसमोर चहाच्या टपरीवर मधुकर एकटाच बसलेला. भाऊनं गाडी थांबवली, मी मागे बसलेलो. वाटलं, बोलेल. त्यानं चुलीजवळचं जाड लाकूड उचललं. पहिला घाव पाठीत. मधुकर बाकावर पालथा पडला. मी त्याचे खांदे धरले. भाऊनं त्याचा उजवा पंजा बाकावर गुडघ्यानं दाबला अन् मारत सुटला. बोटांवर. चार वेळा, पाच वेळा. हाडं मोडलेली ऐकू आली. चहावाली बाई किंचाळत होती. मधुकर नुसता "माय वं, माय वं". अन् भाऊ, "वाजव! वाजव नं आता!"
भाऊला पोलिसांनी नेलं. मला विचारलं, तेव्हा म्हटलं, मी सोडवायला धरलं होतं.

१५ जाने.
मधुकर गडचिरोलीच्या दवाखान्यात. दोन बोटं काढली. उरलेल्यांत सळया. त्याच्या कंपनीचं नाटक बंद.


१८ जाने.
सकाळी मधुकरचे दोघे मेहुणे आले. हातात कुऱ्हाड अन् लोखंडी सळाख. वहिनी अंगण सारवत होती. "घरात कोनी नाई" म्हणत आडवी आली, तर तिच्या कपाळावर सळाख घातली. मग ओसरीवर चढून बाबांचा ऑर्गन फोडला. पट्ट्या अंगणभर. जाताना एक जण ओरडला, "अजून हिसाब नाई झाला!"
घरात मी होतो. धानाच्या कोठीत, आतून कडी लावून.
वहिनीला सात टाके.  तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

२४ जाने.
माझी पल्लवी नागपूरहून आली, आठवडाभर राहते. मोडका ऑर्गन बघून रडली. मग मोबाइल पुढे धरला. "पप्पा, हे आयका. कालेजात एका पोरीनं लावलं होतं."
बाबाची चाल.
मेक्सिकोचं लोकगीत आहे म्हणे. छोट्या गिटारी घेतलेले म्हातारे, मधे लाकडी फळीवर एक बाई टाचा आपटत नाचते. लग्नातच वाजवतात. शेकडो वर्षांचं. कोणी बांधलं, ठाऊक नाही. मग तिनं त्याच गाण्याचे एकेक व्हिडिओ लावत नेले. झिपऱ्या पोरांचा गिटारचा धिंगाणा, शाळेतली मुलं, कुठल्या तरी देशातला वरातीचा बँड, फुटबॉलच्या मैदानात हजारो लोक. सगळीकडे तेच तीन कॉर्ड, सुरांचे तीन जुडगे, गरगर फिरणारे. बाबा जिथे श्वासभर थांबायचे, तिथेच त्या बाईची टाच पडते.
या चालीसाठी आम्ही माणसाचा हात फोडला.

२७ जाने.
बसनं गडचिरोलीला गेलो. मधुकरच्या बायकोनं आधी दारातच अडवलं. मग त्यानंच बोलावलं. मोबाइलवर गाणं ऐकवलं. त्यानं डोळे मिटले.
"मले मालूम होतं. बाबानं रेडिओवर आयकली होती, तरुणपनी. मलेच सांगतलं फक्त."
"मंग त्या दिवशी फोनवर बोल्ला काऊन नाई?"
"शपत घातली होती त्यायनं. म्हनत, शंकरले सांगू नोको, त्याच्या मनातला बाप लहान होईन."
निघताना मागून म्हणाला, "वसंता, तुनं माहे खांदे काऊन धरले?"
सोडवायला, हे तोंडाशी आलं होतं. त्याच्यासमोर म्हणवलं नाही. कारण पहिल्या घावानंतर तो उठत होता. मी त्याला खाली दाबलं.

३ फेब्रु.
भाऊ जामिनावर सुटला. मधुकरच्या गावात पाय ठेवायचा नाही, अशी अट. वहिनीचं कपाळ बघून पाणीसुद्धा प्यायला नाही. "त्या मेहुन्यायले मी सोडत नाई."
मधुकरही घरी आल्याचं कळलं.

५ फेब्रु.
आज दुपारी सांगून टाकलं. भाऊनं गाणं तीनदा ऐकलं. मांडीवर बोटं ठेका धरायला लागली, मग थांबली.
"बाबाले मालूम होतं?"
"हो."
"अन् मधुकरले?"
"हो. तुह्यासाठीच लपवलं त्यानं."
मग मी माझंही सांगितलं, खांद्यांचं. भाऊ उठला, चपला घातल्या.
वहिनी म्हणाली, "कुठी चाल्ले?"
"मधुकराकडं."
तिनं अटीची आठवण करून दिली. थांबला नाही. हात रिकामे होते. मी नीट पाहिलं, कंबरेलाही काही नव्हतं. पण तिथे मेहुणे आहेत.
दोन वाजता गाडी घेऊन गेला. आता साडेपाच. मोबाइल खाटेवरच टाकून गेलाय. मधुकर फोन उचलत नाही. वहिनी दारात उभी आहे. सायकल काढतो, तिकडेच निघतो.