डावीकडच्या झांजा

ओल्डेनबुर्ग, जर्मनी
६ फेब्रुवारी २०२५

ती. शशीआत्यास,
धम्मशीलाचा जय भीम. वि. वि.

पोचलो हे फोनवर सांगितलंच आहे. आपल्या घरात फोनवर हवा आणि जेवण, खरं काय ते कागदावर. कडूबा आजोबांचा हा नियम मी जर्मनीतही पाळते आहे, असं आजीला सांग. घराण्यातले पहिले लिहिणारे ते. बोललेल्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मला मात्र मराठी पत्राला अख्खी दुपार लागते. ओवेनला वाटतं, मी नवीन गाणं लिहिते आहे.

दुपार व्हॅनमध्येच जाते. ओवेन चालवतो. मेगन गळ्याला मफलर गुंडाळून गप्प बसते, कारण संध्याकाळी तिला गायचं असतं. मी मागे ड्रमच्या पेट्यांना टेकून. तिघांचाच बँड, त्यामुळे भांडायला कोणी उरत नाही. क्लब म्हणजे बहुतेक तळघर. जिना अरुंद, पेट्या रुंद. सामान उतरवायचं, साउंडचेक करायचा, मग क्लबची मंडळी मोठ्या पातेल्यातली मसुराची आमटी वाढतात. तिखट नसते, हे सांगायला नको. ऐकणारे थोडे. हातात बिअर घेऊन जराही न हलता ऐकतात, आणि गाणं संपलं की जीव तोडून टाळ्या वाजवतात. झोपायला क्लबच्याच वरच्या मजल्यावर बंकबेड.

तू माझ्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतलास आणि इअरप्लग करून दिलेस, ते रोज घालते. मेगन म्हणते, कान तपासणारी आत्या असलेली ड्रमर मिळाली हे तिचं भाग्य. पत्र लाइपझिगच्या क्लबवर टाक. सगळे पत्ते मी फ्रिजवर लावले आहेत.

आजीच्या पाया पडते. माझ्या वाटचे पोहे तूच खा, पण मला कळव.

तुझी
धम्मा

---

बर्मिंगहॅम
१३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मशीला हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं. आमटीपाशी तिने मला थांबवलं आणि पोरीच्या बॅगेत मसाल्याची पुडी ठेवली होतीस का, असं विचारलं. ठेवली होती. तू ती शोधलीच नाहीस, असा माझा अंदाज आहे.

हॉस्पिटलात गर्दी आहे. दिवसभर काचेपलीकडे लोक बसतात, मी आवाज देते, ते बटण दाबतात. परवा एक गृहस्थ म्हणाले की त्यांना उत्तम ऐकू येतं, फक्त त्यांची बायको पुटपुटते. बायको बाहेर बसली होती. तिने तिथूनच एवढ्या जोरात उत्तर दिलं की सगळा कॉरिडॉर हसला.

आता खरी बातमी. तुझा बाप बेसिंगस्टोकहून येणार आहे. टूर संपल्यावर इथे बर्मिंगहॅममध्ये तुमचा शेवटचा कार्यक्रम आहे, त्याला. मी विचारलं नव्हतं. राकेशदादाने आपणहून फोन केला आणि तिथे बसायला खुर्ची मिळते का, एवढं विचारलं. मिळेल, असं मी परस्पर सांगून टाकलं. तू ड्रम वाजवायला लागल्यापासून त्याने एकदाही ऐकलेलं नाही, हे तुला सांगायला नको. तेव्हा खुर्चीची सोय कर.

भीमजयंतीच्या कार्यक्रमात मुलांच्या गाण्यांना तू साथ करशील, असंही मी कमिटीला सांगितलं आहे. तुला विचारायचं राहिलं.

प्लग दोन्ही घालत जा. आमच्यावरची माया तेवढी न विसरता घेऊन ये.

तुझी
शशीआत्या

---

केम्निट्झ
२२ फेब्रुवारी २०२५

ती. शशीआत्यास,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र लाइपझिगला बारच्या मागे, लिंबांच्या टोपलीशेजारी ठेवलेलं मिळालं. बाबांची ओळ मी तिथेच उभी राहून वाचली. मग मेगनला इंग्रजीत सांगितली, मग ओवेनला. ओवेन म्हणतो, खुर्ची तो स्वतः घरून आणील. पाठ असलेली, हात असलेली.

मसाल्याची पुडी सापडली. मोज्यांत होती.

एक गोष्ट विचारायची आहे. बाबांना सांगू नकोस. काल उठले तेव्हा डावा कान बंद होता, विमान उतरताना होतो तसा. वाटलं, बंकबेड खिडकीखाली होता, गार हवा लागली. पण संध्याकाळी वाजवायला बसले, तर डावीकडच्या झांजा कोणीतरी गोधडीत गुंडाळल्यासारख्या. माझा हात पडताना दिसतो, आवाज मात्र शेजारच्या घरातून येतो. शिवाय आत एक बारीक शिट्टी चालूच आहे. दुखत नाही. ओवेन म्हणतो, सर्दी. कानात थेंब घालायचे असतील तर कोणते, ते लिही. रविवारी फोनवर विचारणार नाही. तू स्पीकर लावतेस, आजी शेजारी असते, बाबाही लाइनवर येतात. बाबांनी एवढं ऐकलं तर खुर्ची राहिलीच.

इथे पोस्टाची तिकिटं मिळाली नाहीत. आम्ही गावात शिरतो तेव्हा पोस्ट बंद झालेलं असतं. पाकीट खिशात ठेवते, जमेल तिथून टाकते.

राग नको धरूस, लोभ धर.

धम्मा

---

बर्मिंगहॅम
३ मार्च २०२५

चि. धम्मशीला हिस,
अ. उ. आ.

हे पत्र न्यूरेंबर्गच्या पत्त्यावर पाठवते. लाइपझिगनंतर तुझं काही आलं नाही. ढोलकीवाल्यांना रिकामा वेळ मिळत नाही, अशी मी आजीची समजूत घातली.

रविवारी फोनवर मजा आली. आजीने फ्रोजन भाकरीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसून झाल्यावर तू हसलीस. मग दादाने काहीतरी विचारलं आणि तू दोनदा काय म्हणून विचारलंस. फोन ठेवल्यावर आजी म्हणाली की जर्मनीने पोर बहिरी करून टाकली. दादा म्हणाला, ते ड्रमने आधीच केलं होतं. मीही हसले.

दादाने कार्यक्रमासाठी रजा टाकली आहे. काय घालून यायचं, असं विचारत होता. मी म्हटलं, टाय सोडून काहीही.

झोप पुरेशी घे. फोनवर तिथल्या पावाचं केलंस तेवढं कौतुक मात्र पुरे झालं.

तुझी
शशीआत्या

---

एरफुर्ट
५ मार्च २०२५

ती. शशीआत्यास,
जय भीम. वि. वि.

माझं केम्निट्झचं पत्र एव्हाना पोचलं असेल. पुढच्या गावात टाकलं. तुझं उत्तर न्यूरेंबर्गला असेल, तोवर धीर धरते आहे.

कान तसाच आहे. औषधाच्या दुकानातल्या बाईने नाकात मारायचा फवारा दिला. मला तिचं कळलं नाही, तिला माझं. कान उघडेल, असं मला वाटतं. सकाळी क्षणभर उघडल्यासारखा वाटतो, मग तो माझा भास निघतो.

ओवेन आता माझ्या उजवीकडे उभा राहतो. गाणं सुरू करायच्या आधी मेगन मागे वळून बघते, मी मान हलवते. बेस ड्रम पायातून कळतो, बाकीचं हाताच्या सवयीवर चालतं. लोकांना काही समजत नाही. कालच्या टाळ्या नेहमीसारख्याच होत्या, फक्त अर्ध्या खोलीतून आल्या.

घाबरू नकोस, आणि माझी काळजी आजीपर्यंत पोचू देऊ नकोस.

धम्मा

---

बर्मिंगहॅम
१० मार्च २०२५

चि. धम्मशीला हिस,
अ. उ. आ.

परवा दाराशी उभं राहून तुझं केम्निट्झचं पत्र वाचलं आणि कोट न काढता तुला फोन केला, तो काय झाला ते तुला माहीत आहे. तेव्हा मी ओरडले. ते ओरडणं तुझ्यावर नव्हतं. साउंडचेक सोडून गेलीस, हे बरं केलंस. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मीही त्याच सांगितल्या असत्या. पोटात काही असल्याशिवाय घेऊ नकोस.

फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. अचानक, एका सकाळी, एकाच कानाला असं होतं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तुझे ड्रम, व्हॅन, खिडकी, यांतलं काहीच नसेल. गोळ्या पहिल्या काही दिवसांत घेतल्या तर कान परत येण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर कमी. पहिल्याच दिवशी घेतल्या असत्या तरी आला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. मी हे वाक्य अनोळखी माणसांना रोज सांगते. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगते, असं मला वाटायचं. ते खरंही आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

तुझा कान गेला ती माहिती टपालाच्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फिरत होती आणि त्याच वेळी तू माझ्याशी फोनवर भाकरीवर हसत होतीस. आपल्या घरात कोणाचंच काही चुकलं नाही. सगळ्यांनी नियम पाळला.

उरलेले कार्यक्रम करायचे की नाही, ते मी सांगणार नाही. घरी ये असं म्हणावंसं वाटतं. आल्यावर मी काय करणार, हे मला माहीत नाही. दादाला सांगायला तू परवानगी दिलीस, म्हणून सांगितलं. रजा तशीच ठेवली आहे, एवढंच तो म्हणाला.

सगळी माया आज तुझ्याकडे.

शशीआत्या

---

फ्रायबुर्ग
१७ मार्च २०२५

ती. शशीआत्यास,
जय भीम. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं हातात आहेत. भाकरीचं न्यूरेंबर्गच्या क्लबने इकडे पाठवलं, दुसरं आधीच येऊन बसलं होतं. भाकरीचं नंतर वाचलं. तसं वाचायला नको होतं.

गोळ्या संपत आल्या. काही बदल नाही. शिट्टी मात्र इमानदार आहे, कुठे जात नाही.

मेगनने परत जाऊ या असं म्हटलं. ओवेनने नकाशा मिटून ठेवला आणि मी म्हणेन ते, असं सांगितलं. दोघं इतकं चांगलं वागतात की मला व्हॅनमधून उतरून चालत जावंसं वाटतं. मी वाजवते आहे. डॉक्टर म्हणाले आवाज टाळा, मी प्लग घालून वाजवते. हे शहाणपणाचं नाही, तू लिहू नयेस म्हणून मीच लिहिलं. पण हे थांबवलं तर मी नुसती एक बंद कान असलेली बाई होईन, आणि ती कोण, ते मला अजून माहीत नाही.

रस्ता ओलांडताना आवाज कुठून येतो ते कळत नाही. ओवेन बाही धरतो.

तुझ्यावर रागावलेली नाही. आजोबांवरही नाही. रागवायला कोणीच सापडत नाही.

तुझीच
धम्मा

---

बर्मिंगहॅम
३१ मार्च २०२५

ती. शशीआत्यास,
जय भीम. वि. वि.

तुझ्यापासून चार बस स्टॉपांवर राहून पत्र लिहिते आहे. तू काल कार्यक्रमातून लवकर निघालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

बाबा शेवटपर्यंत खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मुलाखतीला आल्यासारखे. मला वाटलं होतं, गाणं सुरू झालं की उठून बाहेर जातील. नंतर मी झांजा उतरवत होते, हॉलमध्ये दुसरं संगीत लावलेलं होतं, लोक मोठ्याने बोलत होते. बाबा मागून आले. डावीकडून. मला कळलं तेव्हा त्यांचं बोलणं अर्धं होऊन गेलं होतं. मी वळले. ओठ हलत होते, मला एकही शब्द मिळाला नाही. बराच वेळ बोलले, आत्या. बाबा एवढं बोलत नाहीत. मी मान हलवली. का हलवली, माहीत नाही. टूरभर हलवायची सवय झाली असेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि ट्रेनला गेले.

पुन्हा सांगा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

येत्या सोमवारी तुझ्या हॉस्पिटलात येते. तूच तपास. दुसऱ्या कोणासमोर मला तिथे बसवणार नाही.

तुझ्या मायेवर टेकून
धम्मा

---

बर्मिंगहॅम
९ एप्रिल २०२५

चि. धम्मशीला हिस,
अ. उ. आ.

घरच्या माणसाची तपासणी आम्ही करत नाही. माझ्या वरिष्ठ बाई शेजारी बसल्या होत्या म्हणून चाललं, हे तू पाहिलंस.

उजवा कान उत्तम आहे. डाव्याला मी आवाज दिला, तू बटण दाबलं नाहीस. वाढवला, दाबलं नाहीस. आणखी वाढवला. मग तू दाबायला लागलीस. ठरलेल्या तालात, नेमकं, माझ्या खांद्याकडे बघत. काचेत माझा हात दिसत होता. धम्मा, लोक ताल धरून फसवतात, म्हणून आम्ही अधूनमधून हात हलवतो आणि आवाज देत नाही. तीन वेळा मी नुसता हात हलवला, आवाज दिलाच नाही, आणि तू दाबलंस. तीनही वेळा.

मला बरं वाटावं म्हणून दाबलंस, हे कळलं. मी कागदावर कानाने दिलं तेच लिहिलं. बाईंनी सही केली. मग मी बाहेर येऊन तुला चहा विचारला, आणि आपण चहावर हवेबद्दल बोललो.

एरफुर्टचं तुझं पत्र आज आलं, कान उघडेल असं लिहिलेलं. कुठे अडकलं होतं कोण जाणे. आजीला वाचून दाखवलं नाही.

जयंतीला वाजवायचं की नाही ते तू ठरव. कमिटीला मी दिलेला शब्द सोड; मुलांना मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. खुर्ची तुझ्या डाव्या बाजूला कोणी ठेवणार नाही, एवढी व्यवस्था करते.

दादा रविवारी जेवायला आला होता. त्याचं बोलणं तुला ऐकू गेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. काय बोललास, तेही विचारलं. तो म्हणाला, असं परत सांगता येत नाही, लिहीन. मी कागद आणि पेन दिलं. त्याने वर तारीख घातली, चिरंजीव धम्मशीला एवढं लिहिलं, आणि आमटी निवेपर्यंत तसाच बसून राहिला. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी जाऊन पुरं करतो म्हणाला. आज बुधवार. तुझ्याकडे काही आलं नसणार.

आजीशी बोलून मी एक ठरवलं आहे. यापुढे हवा आणि जेवण पत्रात लिही. पत्र उशिरा आलं तरी आमटी बिघडत नाही. बाकी काहीही झालं तर त्याच क्षणी फोन कर. मी स्पीकर लावणार नाही. तू उजव्या कानाला धर.

शशीआत्या