एकसष्ट टक्क्यांवरून पुढे

प्रिय दीप्ती,

फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "आई, मीटिंग आहे" म्हणशील, म्हणून लिहायला बसले. आधी कबुली देते. तीन वर्षांपूर्वी गणपतीत तुझा कॉम्प्युटर लाइट गेल्यामुळे बंद पडला नव्हता. मखरावर दिव्यांचं तोरण लावायला मीच त्याची पिन काढली. तू संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली होतीस, जाताना बजावलंही होतंस की याला हात लावायचा नाही. सात महिने तो एकाच संख्येवर बसला होता. दोनाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणायचं आणि शेवटी एक वजा करायचा. नुसते आकडेच तीन कोटींच्या वर. ती मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून आणखी कशाने तिला पूर्ण भाग जात नाही ना, एवढंच बघायचं होतं.

तू परत आलीस, बंद कॉम्प्युटर पाहिलास आणि त्यावर चादर टाकलीस. महिन्याभरात बंगळूरची नोकरी धरलीस. मुलीचं गणित मी तोरणापायी बुडवलं, हे मनात घेऊन मी पुढचे दोन गणपती बसवले. तोरण हातात घेतलं की रडू यायचं. तुझे बाबा विचारायचे, "तुका झाला काय?" काय सांगणार कपाळ!

होळीनंतर धीर करून शेजारच्या नितेशला बोलावलं. त्याने मशीन चालू केलं आणि हसायलाच लागला. "काकी, काही वाया गेलं नाय. हा मधे मधे सगळं साठवून ठेवतो. बघा, एकसष्ट टक्क्यांवरून पुढे निघाला. दीप्तीला माहितीये की हे." आधी मला हायसं वाटलं, मग तुझा राग आला. नुसतं बटण दाबायचं होतं आणि तू ते दाबलं नाहीस! मग रात्रभर विचार करताना कळलं. मुलाखतीत नकार मिळाला होता, आता घरात दुसरा नको होता तुला. होय ना गं?

परवा नागपंचमीला उत्तर आलं. मूळ नाही. कशाने भाग जातो म्हणून विचारलं, तर ते कुणालाच ठाऊक नाही म्हणे, जातो एवढं मात्र पक्कं. कमालच आहे तुमच्या गणिताची. मी चारकोपच्या कारखान्यात बावीस वर्षं शर्ट तपासले. रिजेक्ट बाजूला काढले म्हणून माझा दिवस फुकट गेला असं कुणाची म्हणायची टाप नव्हती. तुझी संख्या तपासून झाली. नितेशला सणाच्या, हळदीच्या पानात उकडलेल्या चार पातोळ्या जास्त दिल्या.

रविवारी तू म्हणालीस, पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलंय पण जाणार नाही, परत नाही म्हणाले तर? त्यासाठीच हे पत्र. म्हणू देत. आपल्या घरात परवाच एक 'नाही' येऊन गेलं आणि आम्ही दोघं पोटभर जेवलो. तू मुलाखतीला जा, आणि तिथून थेट गणपतीला घरी ये. इंटरनेटवरून तपासायला नवी संख्या मागवता येते म्हणे. मी नितेशला थांबवलंय, ती तूच मागव. पिनेची काळजी करू नकोस. तोरणासाठी मी वेगळा बोर्ड बसवून घेतलाय.

तुझीच,
आई