सुजल्या घशाने घातलेली किमची

गंगनुंग, इस्पितळातून

ती. जोंग-रान वन्संना पिल-सूनचा वाकून नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे मान दोन्हीकडून चिरली आहे, फासळ्यांमधून नळ्या खुपसल्या आहेत आणि श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं आहे. बाकी काही नाही. बोलता येत नाही म्हणून लिहिते. (यांना लग्नानंतर एवढी शांतता पहिल्यांदाच मिळाली, तरी तोंड पाडून बसलेत.)

वर्षाची किमची घालायला आपण सगळ्या जमलो, त्या दिवशीच मला थुंकी गिळवत नव्हती. पण सांगते कशाला? सांगितलं असतं तर मसाल्याचं घमेलं तुम्ही ओढून घेतलं असतंत, आणि ‘पिल-सूनच्या हाताला चवच नाही’ हे सगळ्या आळीसमोर पुन्हा ऐकावं लागलं असतं. म्हणून हसत बसले. कोबीच्या पानापानाला मसाला चोळला, चाखला, डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकललं. शेवटी तुम्ही प्रेमाने डुकराचं उकडलेलं मांस पानात गुंडाळून माझ्या तोंडात कोंबलंत. (ते गिळताना मला सासूबाई दिसल्या, वन्सं. त्यांना जाऊन किती वर्षं झाली.)

मग ताप चढला, मान फुगली, श्वास अडकू लागला. टॉन्सिलमागचा पू मानेतून खाली छातीत उतरला होता. सर्जन पोरसवदा आणि फटकळ. ‘‘आई, एवढं होईपर्यंत काय करत होतात?’’ तोंड उघडेना, म्हणून लिहून दाखवलं, किमची. ‘‘माझी आईही हेच सांगेल,’’ असं पुटपुटत त्याने मला आत नेलं आणि हृदयाच्या आजूबाजूचं सगळं धुऊन काढलं. शुद्धीवर येते तो शेजारणी रसाच्या बाटल्यांच्या पेट्या घेऊन हजर. मला थेंब गिळता येत नाही. हे पितात.

तर काळजी नसावी. एवढ्या थंडीत येण्याची तसदी अजिबात घेऊ नका.

तुमची भावजय,
पिल-सून

ता. क. किमची खारट झाली आहे. तापात जिभेला काही कळतच नव्हतं. तुम्ही चारचौघांत सांगण्याआधी मीच सांगते.

आणखी ता. क. पू पुन्हा साठलाय. उद्या छाती परत उघडणार आहेत. यातून निभावेन का विचारलं, तर तो फटकळ पोरगा नळ्याच तपासत राहिला. हे तर नळ्या दिसल्या की बाहेर पळतात. मला फार भीती वाटते, वन्सं. वर ‘येऊ नका’ असं लिहिलंय, ते खोडायचं त्राण नाही. पत्र घेऊन हेच तुमच्या दारात येतील. त्यांच्याच गाडीत बसून या.