लाम्ब्रोसच्या फोटोखालची पाटी

मी एवान्थिया, कै. स्तेरियो दीमू यांची मुलगी, वय सत्तर, राहणार मावरोलिथी, ग्रीस. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझे दोन खोल्यांचे घर गावच्या स्मृती-संग्रहालयास द्यावे. तिथे मी बावीस वर्षे किल्ल्या सांभाळल्या, काचा पुसल्या, येणाऱ्यांना पाट्या वाचून दाखवल्या. मात्र या देणगीस एक अट आहे; ती कलम तीनमध्ये.

२. माग आणि सगळी लोकर मावसबहिणीची मुलगी आर्येती हिला. अक्रोडाचे झाड चर्चला. शेजारच्या थोमासला त्याचे एक फळही नको. त्याने न विचारता दोनदा फांद्या तोडल्या आहेत.

३. संग्रहालयात माझा भाऊ लाम्ब्रोस याच्या फोटोखाली लिहिले आहे: "वय चौदा. घाबरलेल्या आईच्या तोंडून त्याचे खरे वय निघून गेले." हे खोटे आहे.

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात जर्मन सैनिकांनी अख्खे गाव शाळेच्या अंगणात उभे केले. चौदा वर्षांच्या आणि त्यावरच्या पुरुषांना ते बाजूला काढत होते. लाम्ब्रोस अंगाने लहानखुरा. दुभाष्याने विचारले, "हा केवढा?"

आई म्हणाली, "बाराचा."

त्याला लहान म्हटलेले खपत नसे. मी नऊ वर्षांची. त्याची बाजू घ्यावी म्हणून म्हणाले, "नाही गं आई, चौदाचा. परवाच झाला."

लाम्ब्रोसने मान ताठ केली. त्याला बाबांशेजारी उभे केले. दुपारी खळ्यावर एकशे सहा जणांना गोळ्या घातल्या.

वय कोणी सांगितले म्हणून बायका विचारू लागल्या तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला आणि सांगितले, "माझ्याच तोंडून गेलं." पुढे एकतीस वर्षे, मरेपर्यंत, ती तेच सांगत राहिली. चर्चमध्ये तिच्या शेजारी कोणी बसेना. मला तिने कधी एका शब्दाने दुखवले नाही. एकदा मीच म्हटले, "आई, सांगते मी सगळ्यांना." ती कणीक मळत होती. "तुला अजून या गावात जगायचंय. गप बस."

मी गप्प बसले. ती गेल्यावरही बसले. त्याला भित्रेपणाखेरीज दुसरे नाव नाही.

तेव्हा पाटीवर लिहावे: "आई देस्पिनाने बारा सांगितले. बहीण एवान्थियाने चौदा सांगितले." संग्रहालयाच्या समितीला हे जमणार नसेल, तर घरही आर्येतीला जावे.

४. मला आईशेजारी पुरावे. दफनानंतर लोकांना वाटायच्या उकडलेल्या गव्हात साखरेची काटकसर करू नये.

साक्षीदार म्हणून बोलावलेल्या पोलिक्सेनीला, वय एक्याऐंशी, हे सर्व वाचून दाखवले. ती म्हणाली, "विहिरीवर मी देस्पिनाला म्हटलं होतं, पोराला तूच खाल्लंस."

"माहीत आहे. मी तिच्या मागेच उभी होते."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"भ्याले."

"आणि मी ते परत घ्यायला कुणाकडे जाऊ आता?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने पेन मागितले.

सही: एवान्थिया दीमू
साक्षीदार: १. पोलिक्सेनी राप्ती २. आरिस्तीदिस झोगास, निवृत्त शिक्षक
मावरोलिथी, ९ नोव्हेंबर २००४