जासईच्या गोदामातील त्रेचाळीस चित्रांची व्यवस्था

मी, मानसिंग कृष्णात निकम, वय वर्षे ७४, जन्माने खटाव तालुक्याचा, मधली पस्तीस वर्षे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराचा आणि गेली बारा वर्षे जुईनगर, नवी मुंबई येथील रहिवासी, धंदा चित्रकला, हा लेख माझ्या हाताने, जागेपणी आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब जास्त आहे. तो कशाने वाढतो हे पुढे वाचणाऱ्याला कळेल. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणून मिळवावे असे माझ्याकडे काही आहे, असे फ्लॅट सोडून कुणाला वाटतच नाही. यापूर्वी जर्मन भाषेत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. जुईनगरच्या सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझा पुतण्या रणजीत याला मिळावा. हे प्रेमाने देत नाही, तो त्याचा हक्क आहे. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, बाजारात पाठीवर पोती वाहिली म्हणून मी मुंबईला कला महाविद्यालयात पाच वर्षे शिकू शकलो. भावाने माझे एकही चित्र नीट पाहिले नाही. विचारले तर म्हणायचा, "तू रंगव, मी उचलतो. दोघांनी एकमेकाचं काम समजून घ्यायची गरज न्हाई." त्याच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

रणजीतबद्दल आहे. गेल्या वर्षी मी तापाने पडलो असताना हा गृहस्थ टेप घेऊन भिंती मोजत होता. मी डोळे उघडले तर म्हणतो, "काका, टेन्शन नका घेऊ, नुसतं पीओपीचं एस्टिमेट काढतोय." मग हॉलमधल्या चित्राकडे बोट करून म्हणाला, "हे मात्र सोफ्याला मॅच होणार नाही हां." सोफा त्याने अजून घेतलेला नाही. फ्लॅट त्याचा, पीओपी त्याने खुशाल करावे.

कलम २. हॅम्बुर्गच्या बँकेत जी शिल्लक असेल ती माझी मुलगी प्रियदर्शिनी हिला मिळावी. ती तिथेच जन्मली, तिथेच डॉक्टर झाली. तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि त्यात दोष बराचसा माझा होता, हे मी तिला तोंडी कधी सांगितले नाही म्हणून इथे लिहितो. चित्रे नेतेस का, असे मी तिला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, माझ्या घराला भिंती कमी आहेत, सगळी काच आहे. तुम्ही फोटो पाठवा ना." मी फोटो पाठवले नाहीत.

कलम ३. या शिलकीबरोबर प्रियदर्शिनीवर एक काम सोपवत आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हॅम्बुर्गला गेलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पोटासाठी जहाज दुरुस्तीच्या गोदीत कामाला लागलो. जहाजाच्या अंगावरचा गंज पात्याने खरवडायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की वरचा रंग. पुढच्या वर्षी तेच जहाज परत येई आणि खरवडताना खालचे सगळे थर दिसत. मी चित्र काढायला तिथे शिकलो, महाविद्यालयात नव्हे. माझी सगळी चित्रे अशीच झाली आहेत: थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही.

पण तिथे मला कुणी चित्रकार म्हणेना. भारतीय चित्रकार म्हणत. प्रदर्शनाला बोलावले की आशियाच्या दालनात, शेजारी कुणीतरी सतार वाजवत बसलेला. लाल रंग दिसला की विचारत, हे कुंकू का? तेरा वर्षे मी नाही म्हणत राहिलो. १९९१ साली एका बँकेच्या खरेदी समितीतल्या बाईंनी तेच विचारले. गोदीतले काम तेव्हा सुटले होते आणि घरात तान्ही पोर होती. मी हो म्हणालो. चित्र विकले गेले आणि तेव्हापासून छापलेल्या प्रत्येक पुस्तिकेत मी कुंकवाचा चित्रकार झालो. माझी आई राजाबाई सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर तिच्या कपाळाला कुंकू लागलेले मी पाहिले नाही. तिच्या मुलाने ते परदेशात विकले, याची मला चौतीस वर्षे लाज वाटत आहे.

तर प्रियदर्शिनीने त्या बँकेला पत्र लिहावे की तो रंग जहाजाचे रेड ऑक्साइड आहे. त्यांना चित्र नको झाले तर त्यांनी ते उतरवावे.

कलम ४. माझी खरवडण्याची पाती, ब्रश आणि न फोडलेले रंगाचे डबे कळंबोलीच्या लोखंड बाजारातील रंगाचे दुकानदार हितेश यांना द्यावेत. गेली दहा वर्षे मी त्यांच्याकडून रेड ऑक्साइड घेतो आणि माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे अशी त्यांची समजूत आहे. "अंकल, अब कितनी गाड़ी हो गई?" असे ते दर वेळी विचारतात. मी आकडा वाढवत नेला आहे. सध्या चौदा ट्रक आहेत. माझ्या मागे कृपया त्यांना खरे सांगू नये.

कलम ५. मृत्यूची बातमी द्यायचीच झाली तर फक्त "चित्रकार" लिहावे. अमूर्त, अनिवासी, ज्येष्ठ, जर्मनीचे काका यांपैकी काहीही मागे-पुढे लावू नये. इकडे परत आलो तेव्हा वाटले होते की आता तरी विशेषण सुटेल. मुंबईतल्या एका दालनवाल्याने माझे काम पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "सर, हे फार युरोपियन वाटतं." सोसायटीने कंपाउंडच्या भिंतीवर मोर काढायला सांगितले. मी नकार दिला. सेक्रेटरी नंदकिशोर पेडणेकर यांनी मग दुसऱ्याकडून मोर काढून घेतला. त्याचे पाय चुकले आहेत.

कलम ६. आता चित्रे. हॅम्बुर्गहून कंटेनर न्हावा-शेव्याला उतरला तेव्हा ती दोन खोल्यांत मावेनात. म्हणून बंदराजवळ जासईला गोटीराम घरत यांच्या गोदामात ठेवली. गोटीराम तिथलेच आगरी शेतकरी. शेते बंदरात गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी गोदामे बांधली. गुंडाळलेले त्रेचाळीस कॅनव्हास आहेत, त्यातले अकरा प्रत्येकी बारा फुटांचे. माझे आयुष्य म्हणून जे काही असेल ते या अकरांत आहे.

मे २०२३ मध्ये गोटीरामच्या मुलीचे, जागृतीचे, लग्न होते. आगऱ्यांकडे लग्नापेक्षा हळद मोठी. सहाशे माणूस जेवायला. मांडववाल्याचे बाजूचे कापड कमी पडले. या लोकांनी गोदाम उघडले आणि माझे अकरा कॅनव्हास मांडवाला चारी बाजूंनी बांधले. वर बांबूला खिळे. मी पोहोचलो तेव्हा बायका नवरीला हळद लावून एकमेकींना फासत होत्या आणि निम्मी हळद माझ्या चित्रांवर उडाली होती. गोटीराम हसत पुढे आला. "आमाला वाटला, ताडपत्री हाय. पन रंगाची बाजू आत केली बरं का पेंटर, पावन्यांना दिसाला पायजे ना." मी त्याला सगळ्यांसमोर जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. न जेवता परतलो.

त्याच महिन्यात हॅम्बुर्गच्या एका संग्रहालयाने नेमके हे अकरा मागितले होते. माझे पहिले स्वतंत्र प्रदर्शन, आशियाच्या दालनाबाहेर. मी डाग कळवले. त्यांनी फोटो मागितले, ते पाहिल्यावर त्यांची पत्रे थांबली. अडीच वर्षे मी गोटीरामशी कामापुरतेही बोललो नाही.

संग्रहालयाला नको, मुलीला नको, पुतण्याला नको, दालनवाल्याला नको. भंगारात जाऊन कुणाच्या तरी टेम्पोवर ती झाकायला निघावीत हे मला नको. म्हणून माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत सर्व त्रेचाळीस चित्रे जासईच्या गोदामामागे मोकळ्या जागी जाळावीत. जागा त्यांची म्हणून हे काम गोटीराम घरत यांनी करावे, आणि त्यांना ते ठाऊक असावे म्हणून त्यांना साक्षीदार क्रमांक एक म्हणून बोलावले आहे.

येथपर्यंतचा मजकूर सकाळी लिहिला. पुढचा त्याच दिवशी दुपारी, सही करण्यापूर्वी, साक्षीदारांसमोर लिहीत आहे.

गोटीराम आले, बसले, आणि मजकूर वाचायचे कारण नाही असे सांगूनही सगळा मोठ्याने वाचला. कलम सहाशी येऊन थांबले. "जालाला? आनि कोन जालनार, मी?" त्यांनी पेन टेबलावर ठेवले. "सई नाय करनार."

मी म्हटले, साक्षीदाराचा मजकुराशी संबंध नसतो, मी सही केली एवढेच पाहायचे असते.

"मंग दुसऱ्याला बोलवा. मना ती चित्रां पायजेत."

नंदकिशोर पेडणेकर मध्ये पडले. "हे बघा, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, मागे लफडं होतं. एकतर सही, नाहीतर चित्रं." गोटीरामने खुर्ची मागे सरकवली, टेबलापासून लांब.

मी विचारले, तुला काय करायचे आहे त्यांचे?

"मांडवाला लावीन, आजून काय? जागृतीच्या हलदीपासून लोक इचारतान, त्यो लाल कपरा कुठशी आनला. उरणपासून मानसां आली. तुमी रागावलेलं म्हनून कोनाला दिला नाय."

मी चिडून विचारले, लाल लाल करतोस, तुला त्यात दिसते तरी काय? गोटीरामने माझ्याकडे असे पाहिले, जणू डॉक्टरांचा दाखला खोटा असावा.

"काय दिसाचा? रंग हाय."

पन्नास वर्षे मी हे उत्तर दोन देशांत ऐकू पाहत होतो. मला भर दुपारी लोकांसमोर रडू आले आणि त्याचाही राग आला. या माणसाशी मी अडीच वर्षे बोललो नाही, ही माझी चूक आहे. ती या लेखात नोंदवत आहे.

कलम ६ रद्द. त्याऐवजी: सर्व त्रेचाळीस चित्रे गोटीराम घरत, राहणार जासई, यांना मालकी हक्काने मिळावीत. त्यांनी ती हव्या त्या मांडवाला लावावीत. खिळे मारू नयेत, दोरीने बांधावीत. जेवणाच्या चुलीपासून दहा हात लांब ठेवावीत. हळद उडाली तर पुसू नये, पुसल्याने पसरते. कुणी अर्थ विचारला तर गोटीरामने आज सांगितले तेच सांगावे.

या लेखाची अंमलबजावणी नंदकिशोर पेडणेकर यांनी करावी.

वरील मजकूर वाचून, समजून, आम्हा सर्वांसमक्ष सही केली.

ठिकाण: जुईनगर, नवी मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) मानसिंग कृष्णात निकम

साक्षीदार:
१. गोटीराम घरत, जासई (नाव खोडले आहे)
२. (सही) नंदकिशोर पेडणेकर, सेक्रेटरी
३. (सही) संध्या मोकल, समोरचा फ्लॅट, आयत्या वेळी बोलावल्या

साक्षीदार क्रमांक एकचे नाव मी स्वतः खोडले आहे. कारण: त्यांना चित्रे हवी आहेत.
(सही) मा. कृ. निकम